स्थानिक माध्यमांपर्यंत आपले म्हणणे पोहोचवताना : राजकीय समर्थकांसाठी सविस्तर मार्गदर्शन

पक्षाचा अधिकृत प्रवक्ता आणि केवळ विश्वासापोटी आपल्या वस्तीत पक्षाचे काम करणारा समर्थक यांच्या हाती असलेले भांडवल वेगवेगळे असते. प्रवक्त्यापाशी पक्षाची भूमिका असते, तर समर्थकापाशी त्या भागाची माहिती असते. कोणत्या रस्त्यावरचे दिवे बंद आहेत, कोणत्या शाळेत शिक्षकांची पदे रिकामी आहेत, कोणत्या आरोग्य केंद्रात औषधे मिळत नाहीत, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. स्थानिक वृत्तपत्राला, रेडिओ केंद्राला किंवा छोट्या वृत्तवाहिनीला नेमकी हीच माहिती हवी असते. तरीही अनेक समर्थक वार्ताहराला भेटायला जाताना ही माहिती मागे ठेवतात आणि पक्षाच्या घोषणा सोबत नेतात. मग बातमी आली नाही की माध्यमे पक्षपाती आहेत असे म्हणून मोकळे होतात. परिसराची खरी, पडताळून पाहता येईल अशी बातमी जो वेळेवर देतो, त्याच्या राजकीय म्हणण्यालाही पुढे जागा मिळते, हे सूत्र धरूनच पुढील सर्व सूचना लिहिल्या आहेत.

स्थानिक बातमीकडून काय अपेक्षा ठेवावी

अमेरिकेत १९४० च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी समाजशास्त्रज्ञ पॉल लाझर्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओहायो राज्याच्या एरी परगण्यातील मतदारांचा अनेक महिने अभ्यास केला. प्रचारामुळे एका बाजूचा मतदार दुसऱ्या बाजूला गेल्याची उदाहरणे त्यांना फार थोडी आढळली. बातम्या बारकाईने वाचणारी ओळखीची माणसे आपापल्या वर्तुळात जे बोलतात, त्याचा परिणाम मात्र ठळकपणे दिसला. पुढे १९६८ मध्ये माध्यम-अभ्यासक मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी अमेरिकेतल्याच चॅपल हिल या गावी मत निश्चित न केलेल्या १०० मतदारांशी बोलून असे दाखवले की, माध्यमे ज्या प्रश्नांना अधिक जागा देतात तेच प्रश्न मतदारांना अधिक महत्त्वाचे वाटतात.

समर्थकाने या दोन अभ्यासांतून आपल्या कामाची मर्यादा आणि ताकद दोन्ही ओळखावीत. एका बातमीने विरोधी मतदार आपल्या बाजूला येईल अशी आशा धरू नये. मात्र एखादा प्रश्न चर्चेत आणणे आणि तो चर्चेत टिकवणे एका बातमीला नक्की जमते. बातमी छापून आल्यानंतर ती लोकांच्या बोलण्यात उतरवण्याचे काम समर्थकाचेच असते आणि ते कोणत्याही जाहिरातीने होत नाही.

आधी माध्यमांची नोंदवही तयार करावी

कोणाशीही संपर्क साधण्यापूर्वी किमान पंधरा दिवस आपल्या भागातील माध्यमे लक्षपूर्वक वाचावीत, ऐकावीत आणि पाहावीत. दैनिकाची स्थानिक आवृत्ती, साप्ताहिके, रेडिओ केंद्र, केबल वाहिनी, स्थानिक पत्रकारांनी चालवलेल्या यूट्यूब वाहिन्या आणि बातम्यांचे व्हॉट्सअ‍ॅप गट या साऱ्यांची एका वहीत किंवा तक्त्यात नोंद करावी. प्रत्येकापुढे पुढील तपशील असावा : नागरी प्रश्नांवर, शिक्षणावर, गुन्हेगारीवर आणि राजकारणावर कोण लिहिते, स्थानिक पान किती वाजता बंद होते, वाचकांची पत्रे साधारण किती शब्दांची छापली जातात, मजकूर ईमेलने हवा असतो की फोनवरून.

यांतली पान बंद होण्याची वेळ सर्वांत महत्त्वाची आहे. सकाळच्या दैनिकातील स्थानिक पाने बहुधा पहिल्या पानाच्या कितीतरी आधी छपाईला जातात, त्यामुळे रात्री उशिरा संपलेल्या सभेची बातमी दुसऱ्या दिवशी येईलच असे नाही. साप्ताहिकाची पाने प्रकाशनाच्या एक-दोन दिवस आधीच लागलेली असतात. कार्यक्रमाची वेळ ठरवताना या वेळांचा विचार झाला नाही, तर चांगला कार्यक्रमही बातमीविना जातो.

छोट्या माध्यमात एकच माणूस बातमी लिहितो, छायाचित्रे काढतो, चित्रफीत संपादित करतो आणि कित्येकदा जाहिरातीही गोळा करतो, हे ध्यानात ठेवावे. त्याचा वेळ वाचवणारा समर्थक त्याला नेहमी आठवतो.

बातमी कशात आहे ते ठरवावे

पक्षाची बैठक झाली, कार्यकर्त्यांची संख्या वाढली, नेत्याचा वाढदिवस साजरा झाला, या घडामोडी पक्षासाठी मोठ्या असल्या तरी वाचकासाठी त्यांत फारसे काही नसते. यासाठी एक कसोटी उपयोगी पडते : जो मतदार आपल्या पक्षाला कधीच मत देणार नाही, त्यालाही ही माहिती वाचावीशी वाटेल का? उत्तर होय असेल तर ती बातमी आहे. बंद पडलेल्या बसफेरीमुळे किती विद्यार्थ्यांना पायपीट करावी लागते, ही माहिती सर्वांच्या कामाची आहे. त्या विषयावर आपल्या उमेदवाराने कोणता लेखी प्रस्ताव दिला आहे, हे त्याच बातमीच्या तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात सहज येते.

विषय ठरला की पुरावा जमवावा. पुरावा म्हणजे अधिकृत कागद, तारखेसह छायाचित्रे आणि आपले नाव देऊन बोलायला तयार असलेली बाधित माणसे. सरकारी कागदपत्रे पाहण्याचा हक्क स्वीडनने १७६६ मध्येच कायद्याने दिला होता आणि आज अनेक देशांत तसे कायदे आहेत. भारतात २००५ च्या माहिती अधिकार कायद्यानुसार अर्जाला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अपिलाचा काळ धरला तर ही मुदत आणखी लांबते, म्हणून निवडणुकीच्या तोंडावर अर्ज करून हाती काही लागत नाही. जो प्रश्न मांडायचा आहे त्याचा अर्ज निदान सहा महिने आधी गेलेला असावा.

जी माणसे माध्यमांशी बोलणार आहेत त्यांना आधीच स्पष्ट सांगावे की त्यांचे नाव आणि छायाचित्र प्रसिद्ध होऊ शकते, आणि ही बाब एका राजकीय गटामार्फत माध्यमांपर्यंत जात आहे. हे न सांगता एखाद्या विधवेला किंवा नोकरी गमावलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर उभे करणे अन्यायाचे आहे. बातमी विसरली गेल्यावरही त्या माणसाला त्याच वस्तीत राहायचे असते.

प्रसिद्धीपत्रक लिहिताना

प्रसिद्धीपत्रकाची पहिली दोन वाक्ये वाचूनच उपसंपादक निर्णय घेतो. म्हणून काय घडले, कोणी केले, कोठे, केव्हा आणि का, ही माहिती पहिल्याच परिच्छेदात यावी. त्यानंतर तपशील उतरत्या महत्त्वाने लिहावा. जागा कमी पडली की मजकूर बहुधा शेवटाकडून कापला जातो, म्हणून शेवटच्या परिच्छेदात अत्यावश्यक काही ठेवू नये.

अशी सुरुवात बहुतेक पत्रकांत दिसते : 'आमच्या लाडक्या नेत्यांच्या कुशल मार्गदर्शनाखाली आणि कार्यकर्त्यांच्या प्रचंड उत्साहात पाणीप्रश्नावर भव्य आंदोलन संपन्न झाले.' यात बातमी कोठेच नाही. तोच प्रसंग असा लिहिता येतो : 'जलवाहिनी फुटून आठ दिवस उलटले तरी दुरुस्ती न झाल्याने परिसरातील रहिवाशांनी सोमवारी पाणीपुरवठा कार्यालयात अभियंत्यांची भेट घेतली. गुरुवारपर्यंत दुरुस्ती पूर्ण करण्याचे लेखी आश्वासन अभियंत्यांनी दिले. रहिवाशांसोबत पक्षाचे स्थानिक पदाधिकारीही उपस्थित होते.' पक्षाचा उल्लेख दुसऱ्या मजकुरातही आहे, पण त्याच्या आधी वाचकाला जाणून घ्यायची गोष्ट आली आहे. शिवाय 'गुरुवारपर्यंत' या शब्दाने पुढच्या बातमीची तारीखही ठरवून दिली आहे.

पत्रक एका पानात संपवावे आणि मथळा साधा ठेवावा. अवतरण एकच द्यावे. ते प्रत्यक्ष बोललेले आणि बोलीला जवळचे असावे. उपस्थितांची लांबलचक यादी बातमीत घालू नये; ती द्यायचीच असेल तर खाली वेगळी द्यावी. आकडा लिहिला की त्याचा आधारही लिहावा, आणि गर्दीचा आकडा कधीही फुगवू नये, कारण वार्ताहर तेथे स्वतः उभा असतो. शेवटी खात्रीने फोन उचलणाऱ्या एका व्यक्तीचे नाव आणि क्रमांक द्यावा. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असावा. पत्रकाचे छायाचित्र पाठवले तर तो सारा मजकूर कोणाला तरी पुन्हा टाइप करावा लागतो आणि तेवढ्या एका कारणाने पत्रक बाजूला पडते.

छायाचित्राबद्दल थोडक्यात एवढेच : रांगेत उभ्या पदाधिकाऱ्यांपेक्षा फुटलेली जलवाहिनी आणि तिच्याशेजारी उभी असलेली माणसे अधिक सांगून जातात. छायाचित्र आडवे आणि मूळ आकारात पाठवावे. छायाचित्रओळीत डावीकडून उजवीकडे नावे द्यावीत आणि ते कोणी काढले हेही लिहावे. दुसऱ्याचे छायाचित्र परवानगीशिवाय पाठवू नये.

वार्ताहराशी नाते

पहिला संपर्क काही मागण्यासाठी करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. वार्ताहराच्या एखाद्या बातमीत उपयोगी पडणारी माहिती द्यावी, त्यातली एखादी बाब अधिक स्पष्ट करून सांगावी किंवा एखाद्या विषयाचा जाणकार सुचवावा. आपण कोणत्या पक्षाचे समर्थक आहोत हे पहिल्याच वाक्यात सांगावे. ओळख लपवून 'एक जागरूक नागरिक' म्हणून बोलणारा समर्थक नंतर उघडा पडला, तर त्याने दिलेल्या खऱ्या माहितीवरही कोणी विश्वास ठेवत नाही आणि त्याच्यासोबत इतर सर्व समर्थकांचीही विश्वासार्हता जाते.

बोलताना काय छापायचे आणि काय नाही, हे बोलण्यापूर्वीच ठरवून घ्यावे. बोलून झाल्यावर 'हे ऑफ द रेकॉर्ड होते' असे म्हणण्याला अर्थ नसतो. नाव न देता माहिती वापरायची, की माहिती केवळ पार्श्वभूमी म्हणून ठेवायची, यांतला फरक दोघांनाही सारखाच समजला आहे याची खात्री करावी. नवख्या समर्थकाने तर छापून आलेले चालेल तेवढेच बोलावे.

बातमी प्रसिद्धीपूर्वी दाखवण्याचा हट्ट धरू नये, वार्ताहराला डावलून त्याच्या मालकाला फोन करू नये आणि भेटवस्तू किंवा पाकीट तर कधीच देऊ नये. पैसे देऊन जाहिरात बातमीच्या रूपात छापून घेण्याच्या प्रकाराला पेड न्यूज म्हणतात. भारतीय पत्र परिषदेने २०१० मध्ये त्यावर अहवाल तयार केला होता. अशी बातमी उघडकीस आल्यास तिचा खर्च उमेदवाराच्या निवडणूक खर्चात धरला जाऊ शकतो. कायद्याचा हा भाग बाजूला ठेवला तरी, विकत घेतलेली बातमी वाचकाची फसवणूक करते, आणि ज्यांच्या मतावर आपला विश्वास आहे असे आपण म्हणतो त्यांनाच फसवणे कोणत्याही विचाराच्या समर्थकाला शोभत नाही.

संपादकास पत्र

वाचकांच्या पत्रव्यवहाराकडे समर्थक बहुधा दुर्लक्ष करतात. हे सदर वाचक आवडीने वाचतात, कार्यालयांतील अधिकारी आणि लोकप्रतिनिधीही ते पाहतात, आणि त्यासाठी ओळख किंवा पैसा लागत नाही. पत्र त्याच वृत्तपत्रात नुकत्याच आलेल्या एखाद्या बातमीला किंवा लेखाला धरून असावे. त्याच्या पहिल्या वाक्यात बातमीचा मथळा आणि तारीख द्यावी, आणि पत्र शक्यतो त्याच दिवशी पाठवावे. एका पत्रात एकच मुद्दा मांडावा. लेखकाचा स्वतःचा अनुभव किंवा त्याने तपासलेली एक आकडेवारी त्यात असेल, तर तेच पत्र इतरांहून वेगळे ठरते. खाली पूर्ण नाव, पत्ता आणि फोन क्रमांक द्यावा, म्हणजे कार्यालयाला खात्री करून घेता येते.

एकच मसुदा दहा जणांच्या नावांनी पाठवण्याची पद्धत तातडीने सोडून द्यावी. उपसंपादक अशी पत्रे पहिल्या ओळीत ओळखतो. त्याऐवजी तीन-चार समर्थकांनी एकत्र बसून विषयावर बोलावे आणि मग प्रत्येकाने आपल्या शब्दांत, आपल्या अनुभवातून लिहावे. शिक्षकाचे पत्र, रिक्षाचालकाचे पत्र आणि गृहिणीचे पत्र एकाच प्रश्नावर असले तरी वेगळे वाचले जाते, आणि त्यांतली दोन प्रसिद्ध झाली तरी तो प्रश्न आठवडाभर जिवंत राहतो.

रेडिओ आणि दृक्श्राव्य माध्यमे

फोन-इन कार्यक्रमात बोलण्यापूर्वी आपला मुद्दा तीस सेकंदांत मोठ्याने बोलून पाहावा. वाहिनीच्या बातमीत बाइट, म्हणजे बोलण्याचा दाखवला जाणारा तुकडा, बहुधा त्याहूनही छोटा वापरला जातो, म्हणून पहिले वाक्य पूर्ण आणि स्वतंत्र अर्थाचे असावे. 'जसे मी आत्ताच म्हणालो' अशी सुरुवात केलेले वाक्य कापून वापरता येत नाही. विरोधकाचा आरोप नाकारताना त्याचे शब्द पुन्हा उच्चारू नयेत, कारण ऐकणाऱ्याच्या लक्षात बहुधा तो आरोपच राहतो. उत्तर माहीत नसेल तर तपासून सांगतो असे म्हणावे, आणि खरोखर तपासून त्याच दिवशी कळवावे.

कोणत्या केंद्रावर काय चालते हेही आधी पाहून घ्यावे. भारतात सामुदायिक रेडिओ केंद्रांना राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम प्रसारित करण्याची मुभा नाही. तेथे जाऊन पक्षाचा प्रचार मागणे म्हणजे त्या केंद्राचा परवाना धोक्यात घालणे होय. लसीकरण, पाणीबचत, शिष्यवृत्तीचे अर्ज अशा विषयांवर जाणकार म्हणून, पक्षाचे नाव न आणता तेथे बोलता येते. पण ते प्रचाराचे साधन म्हणून करू नये.

निवडणुकीच्या काळातील नियम

येथे उत्साहापेक्षा सावधपणा अधिक उपयोगी पडतो, कारण समर्थकाची चूक उमेदवाराला भोवते. नियम देशागणिक फार वेगळे असतात. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणी आणि रेडिओवर पैसे देऊन राजकीय जाहिरात करण्यास बंदी आहे. अमेरिकेत १९३४ च्या दळणवळण कायद्यानुसार प्रसारण केंद्राने एका उमेदवाराला वेळ दिला तर इतर उमेदवारांनाही समान संधी द्यावी लागते. बातम्या आणि वृत्तमुलाखती मात्र त्यातून वगळलेल्या आहेत.

भारतात लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२६ नुसार मतदान संपण्याच्या वेळेपूर्वीच्या ४८ तासांत दूरचित्रवाणी किंवा तत्सम साधनांवर निवडणुकीचा प्रचार दाखवता येत नाही. कलम १२७ क नुसार पत्रकांवर आणि भित्तिपत्रकांवर मुद्रक व प्रकाशक यांची नावे आणि पत्ते असावे लागतात. या नियमाचा भंग केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. दूरचित्रवाणी, रेडिओ आणि समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिरातींना आधी निवडणूक यंत्रणेच्या, जाहिराती तपासणाऱ्या प्रमाणन समितीची मंजुरी घ्यावी लागते. उमेदवाराच्या लेखी संमतीविना त्याच्या प्रचारासाठी स्वतःच्या खर्चाने जाहिरात देणे हाही गुन्हा आहे. वृत्तपत्रात 'हितचिंतक' म्हणून जाहिरात देण्याची हौस असलेल्यांनी हा शेवटचा नियम विशेष लक्षात ठेवावा. शंका असेल तर उमेदवाराच्या निवडणूक प्रतिनिधीला विचारल्याखेरीज एकही पैसा खर्च करू नये.

चुकीची किंवा प्रतिकूल बातमी आल्यास

प्रथम ती बातमी चुकीची आहे की केवळ नावडती आहे, हे शांतपणे ठरवावे. नावडत्या पण खऱ्या बातमीला खुलासा नसतो. तिच्यातला प्रश्न सोडवण्यासाठी पक्ष काय करणार आहे, एवढेच सांगता येते. तथ्याची चूक असेल तर त्याच दिवशी वार्ताहराला फोन करावा, नेमके कोणते वाक्य चुकले आहे ते सांगावे आणि पुराव्याचा कागद पाठवावा. त्यानंतरही दुरुस्ती झाली नाही तर संपादकाला लेखी कळवावे. भारतात वृत्तपत्राविरुद्धची तक्रार पत्र परिषदेकडे नेता येते, पण त्याआधी संपादकाशी पत्रव्यवहार झालेला असावा लागतो, म्हणून प्रत्येक पत्राची प्रत जपून ठेवावी.

वार्ताहराला समाजमाध्यमांवर शिवीगाळ करणे, त्याचा क्रमांक गटांत फिरवून शेकडो फोन करवणे, त्याच्या घरासमोर घोषणा देणे हे प्रकार गटप्रमुखाने स्वतः थांबवावेत. मोठ्या वृत्तसंस्थेच्या पत्रकाराला निदान संस्थेचा आधार असतो. छोट्या गावातील वार्ताहर एकटा असतो. तो घाबरून लिहिणे थांबवतो तेव्हा पाण्याची, रस्त्याची आणि शाळेची बातमीही थांबते.

प्रसिद्धीनंतरचे काम

बातमी आली की तिचा मूळ दुवा किंवा पूर्ण कात्रण पुढे पाठवावे. तारीख आणि वृत्तपत्राचे नाव कापलेले अर्धे कात्रण फिरवू नये, कारण अशी कात्रणे काही महिन्यांनी नवी बातमी म्हणून पुन्हा फिरू लागतात. सोबत पक्षाच्या गुणगानाऐवजी दोन ओळींत त्या प्रश्नाची सद्यस्थिती लिहावी. मग ज्या तारखेचे आश्वासन मिळाले होते त्या दिवशी जागेवर जाऊन छायाचित्र काढावे आणि त्याच वार्ताहराला कळवावे. काम झाले असेल तर तेही तितक्याच तत्परतेने सांगावे, मग त्या वेळी सत्तेत विरोधी पक्ष का असेना.

नोंदवहीत प्रत्येक पत्रकापुढे ते कोणाला पाठवले, छापले गेले का, कोणता भाग कापला गेला आणि त्यानंतर संबंधित कार्यालयाकडून काही हालचाल झाली का, हे लिहावे. पंधरा-वीस नोंदी झाल्या की कोणत्या माध्यमाला कोणता विषय हवा असतो ते आपोआप दिसू लागते. ही वही एका व्यक्तीच्या फोनमध्ये अडकून राहू नये. गटातील आणखी दोघांकडे तिची प्रत असावी, आणि जबाबदारी दुसऱ्याकडे जाईल तेव्हा जुन्या माणसाने नव्याला सोबत घेऊन प्रत्येक वार्ताहराशी त्याची प्रत्यक्ष ओळख करून द्यावी.